पहिल्या पायरीचा मास्तर

भिंत हाताखाली असताना मला कुणी मधे बोललेलं खपत नाही. माणूस थांबतं, भिंतीला लावायचा मातीचा गारा थांबत नाही. तो आपला सुकत जातो. त्या दिवशी सकाळी शाळेच्या मागच्या भिंतीशी मी कोपरापर्यंत भरलेली होते, सून खालून घमेली देत होती, आणि नेमका तेव्हा नाकतोड्या उगवला.

नाकतोड्या म्हणजे शाळाखात्याचा कारकून. पाय लांब, मान पुढे, आणि बसला तरी आता उडेल असा. नाव मीच ठेवलेलं. पुढे म्हणे त्याची बायकोही त्याला तेच म्हणायला लागली.

"मास्तर आहेत का?" त्यानं विचारलं.

"शाळेच्या वेळेला मास्तर शाळेत नसतील तर काय झाडावर असतील?"

तो हसला नाही. माझ्या हातांकडे बघितलं, सुनेच्या डोक्यावरच्या घमेल्याकडे बघितलं, तोंड आंबट केलं आणि वळून पुढच्या दारानं आत गेला.

दर वर्षी पाऊस सरला की भिंतींचं हेच होतं. खालची हातभर माती धुऊन जाते, वरची फुगून पापुद्रे सुटतात. मग माती खणायची, चाळायची, भुसा घालून भिजत ठेवायची, पायानं तुडवायची आणि हातानं चढवायची. शाळा म्हणजे एक लांब खोली, तिला लागून एक बारकी, आणि मागे आमचं दोन खोल्यांचं घर. छप्पर सगळ्यांचं एकच. माझ्या नवऱ्यानं ही शाळा उघडली तेव्हा इथे शाळा आहे हे सरकारच्या गावीही नव्हतं. मग कधीतरी एक माणूस आला, दारावर पत्र्याची पाटी ठोकून गेला, आणि शाळा सरकारची झाली. पाटी सरकारची, भिंती माझ्या. झाडलोटीला बाई मंजूर आहे, बाई मंजूर आहे, असं नवरा होता तेव्हापासून ऐकत आले. बाई काही आली नाही. मीच होते.

नवरा गेला आणि मुलगा मास्तर झाला. वरचे सगळे वर्ग तोच शिकवतो, हजेरी तोच घेतो, छप्पर गळलं की कौलांवर तोच चढतो. पण कागदावर हंगामी. हंगाम शेताला असतो, माणसाला कसला हंगाम? केस पिकायला लागले तरी याचा हंगाम काही सरेना.

आता सरकारनं थोरल्या मास्तरांच्या पगाराला पायऱ्या पाडल्या होत्या. पहिल्या पायरीवर ज्याला घेतील तो कायमचा मुख्य मास्तर. त्याला वाढीव पगार, हातांची खुर्ची, आणि शाळा तपासायला गोरा साहेब आला तरी त्याच्यासमोर बसायचा मान. दुसऱ्या पायरीवर टाकला की पगार आहे तोच, बसायला स्टूल, आणि ढकलतील तिकडे बदली. बदली म्हणजे घर खाली करा. सुनेला सहावा महिना लागलेला. आणि आमच्या जागी कोण येणार? तर कॉलरवाला.

कॉलरवाला म्हणजे धाकटा मास्तर. मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेतून शिकून आलेला, कडक कॉलर, पायात बूट. पोरं त्याच्या वर्गात एकमेकांच्या डोक्यावर बसायची आणि हा खिडकीतून बाहेर बघत कॉलर चाचपायचा. पण त्याच्याकडे शिक्क्याचा कागद होता. माझ्या मुलाकडे नुसती शिकवलेली पोरं होती.

नाकतोड्या बराच वेळ आत कुजबुजत बसला. तो गेल्यावर मुलगा मागच्या दारात येऊन उभा राहिला. भिंतीकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही.

"काय म्हणाला?"

"काही नाही. साहेब परवा येणार."

"येऊ दे. तोवर सुकेल."

तो तसाच आत गेला. एरवी मधल्या सुट्टीत धोतर खोचून गारा तुडवायला उतरायचा. त्या दिवशी उतरला नाही.

दिवस मावळता जेवायला बसलो. घास उचलायचा, खाली ठेवायचा, असं त्याचं चाललेलं. सून वाढता वाढता त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिनंच पळी आपटली.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" मी म्हटलं. "कोण मेलंय का?"

"सासूबाई, तो कारकून म्हणतो, साहेबानं मागच्या मुक्कामाला एका मास्तराला दुसऱ्या पायरीवर टाकलं. चांगला जुना मास्तर. का, तर त्याची बायको शाळेत पाणी भरताना दिसली. साहेब म्हणाला, ज्याच्या घरची माणसं शाळेत हातानं राबतात तो मास्तर नव्हे, राखणदार. राखणदाराला कसली खुर्ची?"

"मग साहेबाची कचेरी कोण झाडतं? त्याची आई येते का समुद्र ओलांडून?"

"आई," मुलगा म्हणाला, "दोन दिवस तू फक्त तिकडे फिरकू नकोस."

"मागची भिंत अर्धी राहिलीय."

"राहू दे."

"राहू दे? साहेब आला की आधी अर्धी भिंतच दिसेल. लिहील, शाळा पडायला आली. मग कुठली पायरी? तिसरी?"

"मजुरीनं कुणाला तरी लावू."

"लाव ना. बोलाव. आख्खं गाव कापणीला गेलंय. बांधावर म्हातारी कुत्री उरलीत, ती येतात का विचार."

तो गप्प बसला. लहानपणी पाटी फुटली की बसायचा, तसाच. मला ते गप्प बसणं कधी सोसलं नाही. बोलायचं असेल तर बोल, रडायचं असेल तर रड. हा नुसता खाली बघणार आणि समोरच्यानं सगळं काढून घ्यायचं.

"मग असं कर," मी म्हटलं. "सांग साहेबाला, ही मोलकरीण आहे म्हणून. नाहीतरी मोलकरणीहून काय वेगळी आहे मी इथं?"

आणि ताट सारून उठले.

हे मी चिडून बोलले. चिडून बोललेलं कुठल्याच घरात कुणी खरं धरत नाही. धरलं तर एक घर उभं राहायचं नाही. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

दुसऱ्या दिवशी मी आणि सून तांबडं फुटायच्या आत गाऱ्यात उतरलो. भुसा चांगला मुरला होता, पण थंडीनं गारा असा गार की पायाची बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळेना. टाचांच्या भेगांत भुशाची कुसळं शिरत होती. सुनेला मी तुडवू दिलं नाही, काठावर उभी राहून पाणी शिंपड म्हटलं, तरी एक पाय घालतेच म्हणून आली. तिला माझ्यासारखीच खोड आहे, सांगितलेलं ऐकायची नाही. म्हणूनच आमचं जमतं.

शाळा भरायच्या वेळेला कॉलरवाला आला. खड्ड्याच्या कडेला बूट न भरतील इतक्या अंतरावर उभा राहिला.

"आजी, फार कष्ट करता हो तुम्ही."

"मग उतर की. दोन पाय देवानं तुलाही दिलेत."

"माझे बूट आहेत ना."

"काढायचे कसे ते शिकवलं नाही का शहरात?"

मागे पोरं जमली होती, ती खिदळली. तो कानापर्यंत लाल झाला. "उद्या साहेब येताहेत, माहीत आहे ना?" एवढंच म्हणाला. तेव्हा मी त्यात काही ऐकलं नाही.

दिवसभरात भिंत झाली. दुखरा खांदा वर जाईना, तर उजव्या हाताला डाव्या हातानं आधार देऊन वरचा पट्टा ओढला. जमिनीलगतची वीतभर पट्टी तेवढी राहिली. तिला माती जाड लागते आणि माझी संपली होती. सकाळी लवकर हात फिरवून टाकू, साहेब यायच्या आत अंग धुऊन घरात, असा मनाशी हिशेब.

साहेब म्हणजे दुपारी येणारी जात. दरवेळी दुपारीच यायचा. यावेळी ऊन टाळायला सकाळीच घोड्यावर निघाला, आणि सावली बघून घोडा बांधायला मागच्या झाडाखालीच आला. मी जमिनीवर फतकल मारून बसलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात मातीत, तोंडावर मातीचे शिंतोडे. सून डोक्यावर घमेलं घेऊन उभी. उठायलाही वेळ मिळाला नाही.

पुढून मुलगा धावत आला. अंगात बापाचा कोट, बाह्या आखूड झालेल्या. त्याच्यामागे नाकतोड्या, त्याच्यामागे कॉलरवाला.

साहेबानं भिंतीजवळ येऊन हातातल्या छडीच्या टोकानं भिंत टोचली. वरचा भाग वाजला, टणक. मान हलवली. मग छडी माझ्याकडे केली आणि काहीतरी म्हणाला.

"साहेब विचारतात," नाकतोड्या म्हणाला, "ही कोण?"

मी मुलाकडे बघितलं. त्यानं भिंतीकडे बघितलं. जिथे माझ्या बोटांचे फराटे अजून ओले होते, नेमकं तिथे.

"कामाची बाई," तो म्हणाला. "शाळेची."

सुनेच्या डोक्यावरचं घमेलं हललं. एक ढेकूळ फुटून माझ्या खांद्यावर पडलं. मी ते झटकलंही नाही.

साहेबानं पुन्हा काही विचारलं.

"हिचा पगार कुठून देता?" नाकतोड्या.

एकदा खोटं बोललं की दुसरं त्याच्या शेपटाला बांधलेलंच येतं. "माझ्या पगारातून," मुलगा म्हणाला.

हे ऐकून साहेबाचं तोंड उजळलं. माझ्या मुलाच्या पाठीवर त्यानं हात ठेवला. त्यानं काय म्हटलं ते नाकतोड्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं. असा मास्तर साहेबानं बघितला नाही, पदरच्या पैशानं शाळा राखतो, पहिली पायरी यालाच. पण मास्तरानं स्वतःच्या खिशातून पगार देणं बरोबर नाही. या शाळेला बाईची एक जागा मंजूर आहे, इतकी वर्षं रिकामी पडलीय. आजपासून ती जागा या बाईला. काम चांगलं आहे.

साहेब माझ्याकडे वळून आमच्या बोलीत, वाकड्या जिभेनं म्हणाला, "छान भिंत, बाई."

माझी जीभ सबंध आयुष्यात कुणासमोर अडली नव्हती. नवऱ्यासमोर नाही, सासूसमोर नाही, पाटी ठोकायला आलेल्या माणसासमोर नाही. साहेबाला सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. ही भिंत कुणाची, ही शाळा कुणाची, आणि हा कोट घातलेला कुणाच्या पोटचा. पण समोर मुलाचे कान लाल झालेले होते, बाजूला सून पोटावर हात ठेवून उभी होती, आणि मागे कॉलरवाला तोंड उघडायची वाट बघत होता. माझं.

"होय साहेब," मी म्हटलं.

साहेबाचा घोडा वळणाआड गेल्यावर मुलगा घरात आला आणि दाराशीच बसला. कोट काढला नव्हता.

"आई, तूच म्हणाली होतीस ना."

"हो, म्हणाले होते. लहानपणापासून एक गोष्ट कधी ऐकली नाहीस माझी. विहिरीवर जाऊ नको म्हटलं, गेलास. उन्हात खेळू नको म्हटलं, खेळलास. हीच बरी ऐकलीस!"

"मला दुसरं काही सुचलं नाही."

"आई सुचली नाही?"

सून चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "आणि मला काय म्हणणार होतात? मीपण घमेलं घेऊन उभी होते. माझी काय ओळख करून दिली असती?"

"तुझ्याबद्दल साहेबानं विचारलं नाही."

"वा! माझं नशीब!"

तो रडला. मोठा पुरुष, दाराच्या चौकटीला टेकून. मी त्याला गप्प केलं नाही. पोराला गप्प करायचं काम आईचं असतं, आणि आई कोण हे त्यानं नुकतंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नाकतोड्याचा मुक्काम गाठला. तो आवराआवर करत होता.

"मला काढून टाका कामावरून."

"कसं काढू? साहेबांनी स्वतः नेमलंय."

"म्हातारी आहे म्हणा. डोळे गेले म्हणा."

"डोळे गेलेल्या बाईनं भिंत सारवली?" तो म्हणाला. "ऐका. तुम्ही सोडलं तर नवी बाई नेमायला लागेल. मग आधीची कोण, कुठली, राहते कुठे, चौकशी होईल. तुम्ही राहता मास्तरांच्या घरात. मग पायरी तर जाईलच, खोटं सांगितलं म्हणून नोकरीही जाईल. वर्षभर पहिल्या पायरीची परीक्षा असते. वर्षभर ओढा."

"वर्षभर? माझ्या पोराची आई नसल्याचं सोंग वर्षभर करू?"

"सोंग कुठलं? काम तर तुम्ही आधीही करतच होता," नाकतोड्या म्हणाला. "आता निदान पगार आहे."

मनात आलं, याच्या तोंडावर गारा फासावा. गारा संपला होता.

आणि हेच मला अजून गिळता येत नाही. काम तेच. झाडू तोच, खोल्या त्याच, वाकणंही तेच. आधी मी झाडायचे ते माझ्या नवऱ्याची शाळा झाडायचे. कुणी खडूचा चुरा सांडला तर कान धरायचे, मग तो गावच्या मोठ्या घरचा पोरगा असो. आता तीच मी मागच्या दारानं आत जायला लागले, आणि पोरं माझ्याकडे बघून मुद्दाम चुरा सांडायला लागली. पगाराच्या दिवशी मुलगा रक्कम माझ्या हातात द्यायला आला. "टेबलावर ठेव," म्हटलं. सुनेनं उचलली. मी त्या पैशांना शिवले नाही.

कॉलरवाल्यालाही सगळं ठाऊक. गावाला ठाऊक, आणि हा तर तिथे उभाच होता. पण गाव हसून विसरलं, यानं जपून ठेवलं. एके दिवशी म्हणाला, "बाई, माझ्या खोलीतही जरा झाडू फिरवा. जाळी फार झालीत."

आजीची बाई झाले होते मी.

"तुझी खोली शाळा आहे का?"

"शाळेच्याच माणसाची आहे." मग कॉलर चाचपत, हळूच, "नाहीतर विचारू का साहेबांना लिहून? बाईचं काम कुठवर ते?"

मी मुलाकडे बघितलं. तो फळ्यावर लिहीत होता. खडू थांबला. थांबलाच. मग पुन्हा चालू झाला.

मी त्या दिवशी कॉलरवाल्याची खोली झाडली. कोळ्याची जाळी काढली. त्याचे बूट उचलून खालून झाडलं. घरी येऊन सुनेला म्हटलं, "अंगाला पाणी दे." तिनं पाणी गरम केलं.

"सासूबाई, बदली झाली असती तर काय झालं असतं?" ती म्हणाली.

"घर गेलं असतं."

"मग आता काय राहिलंय?"

तिला खरं ते बोलायची फार वाईट सवय आहे.

थंडी कमी होत आली, सुनेचे दिवस भरत आले, तेव्हा खुर्ची आली. बैलगाडीतून, पोत्यात गुंडाळून. हातांची, पाठीला नक्षी. पोरांनी ती उतरवून फळ्यापुढे ठेवली, टेबल तिच्यापुढे सरकवलं. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याला जी मिळाली नाही ती खुर्ची. मुलगा तिच्यावर बसायला घाबरत होता. लाकडावर नुसता हात फिरवत राहिला. कॉलरवाला म्हणाला, "बसा बसा, मुख्य मास्तर!" तेव्हा बसला. खुर्ची करकरली, सगळा वर्ग हसला, तोही हसला. खूप दिवसांनी.

मी झाडत झाडत दारापासून आत आले. बाकांखालून काढलं, भिंतीकडेनं काढलं, फळ्यापर्यंत पोचले. नव्या खुर्चीखाली पोत्याचे धागे आणि भुसा पडला होता. मी तिथे जाऊन उभी राहिले.

मला बघून तो उठायला लागला. आई समोर उभी राहिली की बसून राहायचं नाही, हे त्याला घरातच लागलेलं वळण. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून अर्धा वर झाला, आणि तिथेच अडकला. कॉलरवाला मान तिरकी करून बघत होता, मुख्य मास्तर झाडूवालीसाठी उठतात की काय ते.

"बसा, मास्तर," मी म्हटलं.

त्याला मी जन्मात अहोजाहो केलं नव्हतं. तो बसला.

"पाय वर घ्या."

त्यानं दोन्ही पाय वर घेतले. मी खुर्चीखालचा कचरा ओढला आणि पुढच्या बाकाकडे सरकले.